चाऱ्यावाचून शिवार : बीड जिल्ह्यातील पीकबदल आणि पशुधन

बीड जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास बहुधा पावसाच्या आणि धरणांच्या अंगाने लिहिला जातो. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत या भूमीवर जे बदल घडले त्यांचा माग चाऱ्याच्या अंगाने घेतला, तर गायरानांची वहिती, संकरित ज्वारीचे आगमन, विहिरीवरील मोटेचा अस्त, उसाचा विस्तार, सोयाबीनचे वर्चस्व आणि दुष्काळातील गुरांच्या छावण्या या एरवी सुट्या वाटणाऱ्या घटना एकमेकींत गुंतलेल्या दिसू लागतात. ज्या शेतात माणसाचे धान्य पिकत होते त्याच शेतात जनावराची वैरण पिकत होती आणि त्या जनावराचे शेण बहुतांशी त्याच शेताकडे परतत होते. हे चक्र कोणत्या टप्प्यांनी मोडले आणि ते मोडताना माती व पाणी यांचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे आणि मधून बालाघाटची डोंगररांग पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली आहे. निजामी कारभारात डोंगराच्या वरील पठाराला बालाघाट आणि खालच्या सखल प्रदेशाला पायनघाट म्हणण्याचा प्रघात होता. गोदावरीकाठच्या गेवराई-माजलगाव भागाला लोक आजही गंगथडी म्हणतात. गंगथडीची जमीन खोल, काळी आणि ओल धरून ठेवणारी आहे, तर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागांत डोंगरउतारांवर हलकी, बरड, मुरमाड जमीन आढळते. मांजरा, सिंदफणा आणि बिंदुसरा या नद्या याच बालाघाटात उगम पावतात. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो आणि तोही पश्चिमेकडे उणावत जातो. जुनी शेती या विषम जमिनीशी आणि बेभरवशाच्या पावसाशी जुळवून घेत घडलेली होती.

त्या शेतीचे मुख्य पीक ज्वारी. हलक्या जमिनीत बाजरी, तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा अशी खरिपाची मिश्र पिके घेतली जात. भारी काळ्या जमिनी मात्र पावसाळाभर पडीक ठेवून त्यांना वखराच्या पाळ्या दिल्या जात आणि परतीच्या पावसाने जिरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरली जाई. ही ज्वारी हिवाळ्यात पावसाच्या एका थेंबावाचूनही पोसली जाऊ शकते, कारण तिचे पाणी जमिनीच्या पोटात साठलेले असते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडीने तयार झालेला मालदांडी हा वाण याच कामासाठी प्रसिद्ध झाला आणि भाकरीची चव व उंच, गोडसर ताटे या दोन्ही गुणांमुळे तो मराठवाड्यातही रुजला. ज्वारीचे कणीस खुडून घेतल्यावर उरणारे वाळलेले ताट म्हणजे कडबा आणि बाजरीचे ताट म्हणजे सरमाड. कडब्याच्या पेंढ्या रचून घातलेल्या गंजीवरून घराची ऐपत जोखली जाई, यात अतिशयोक्ती नाही, कारण त्या गंजीवरच पुढच्या मृगापर्यंत बैल उभे राहतील की नाही हे ठरत असे.

या व्यवस्थेत एक पीक दुसऱ्याच्या मदतीला येई. ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरल्या जात. करडईच्या काट्यांमुळे मोकाट जनावरे आत शिरत नसत आणि घराला तेलही मिळे. कडधान्यांचे भुसकट दुभत्या म्हशीला, सरकी आणि पेंड कामाच्या बैलाला, तर खुरपणीत निघालेले तण आणि बांधावरचे गवत संध्याकाळी स्त्रियांच्या डोक्यावरून गोठ्यात जाई. पीक निघाल्यावर मोकळ्या रानात धनगरांचे कळप बसवले जात आणि मेंढ्यांच्या लेंड्या व मूत्र जमिनीत मिसळल्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देई. जनावरांत पूर्वेकडे परळी भागात लाल कंधारी, लातूरला लागून असलेल्या पट्ट्यात देवणी, पश्चिमेकडे खिलार, डोंगरी भागात उस्मानाबादी शेळी आणि घरोघरी मराठवाडी म्हैस अशी विभागणी होती. या जातींचे दूध थोडे असले, तरी निकृष्ट चाऱ्यावर तगण्याची आणि उन्हात काम करण्याची त्यांची क्षमता मोठी होती.

मात्र या व्यवस्थेला सुवर्णकाळ म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. पावसाळ्यात उघडी ठेवलेली काळी जमीन जोरदार सरीत वाहून जाई आणि रब्बीची पद्धत त्या अर्थाने मातीची झीजही घडवीत होती. बलुतेदार आणि भूमिहीन जातींना धान्याचा आणि चाऱ्याचा वाटा गावाच्या मर्जीने मिळत असे. शिवाय ही व्यवस्था लागोपाठच्या दोन नापिकींपुढे टिकत नसे. १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्य आणि कडबा एकाच वेळी बुडाला, जनावरे मेली, आणि जनावरे मेल्यामुळे पाऊस परतल्यावरही पेरणीसाठी औत उरले नाही. १८९१ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ४० हजार असलेली तत्कालीन बीड जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ४ लाख ९२ हजारांवर आली, आणि या घटीमागे मृत्यूइतकेच स्थलांतरही होते. चारा हाच या शेतीचा कणा होता आणि तोच तिचा सर्वांत दुबळा दुवाही होता, हे त्या दशकाने दाखवून दिले.

कडबा हा चाऱ्याचा एक आधार होता, तर गायरान हा दुसरा. गायरान म्हणजे गावच्या गुरांना फुकट चरण्यासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. बालाघाटातील डोंगरउतार आणि माळ यांवर पवन्या, मारवेल यांसारखी पौष्टिक गवते वाढत, आणि पावसाळ्याचे चार महिने गावची गुरे गुराख्याच्या ताब्यात या माळांवर चरत असल्याने घरचा कडबा उन्हाळ्यासाठी शिल्लक राही. चराई प्रमाणाबाहेर गेली की गवतांचा क्रम बदलतो. बी धरण्यापूर्वीच खाल्ली जाणारी गोड गवते मागे पडतात आणि त्यांची जागा टोकदार कुसळांचे निकृष्ट गवत घेते, आणि त्यानंतरही चराई थांबली नाही तर उघडा मुरूम उरतो. बालाघाटात हे तिन्ही टप्पे पाहायला मिळतात. तेथील डोंगरांवर सीताफळाची झाडे इतकी कशी माजली, याचेही एक उत्तर येथेच सापडते: सीताफळाच्या पाल्याला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे जेथे इतर झुडपे खाऊन संपली तेथे हे झाड निर्धास्त वाढत राहिले. बीडच्या सीताफळाला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने धारूर परिसरातील झाडांतून निवड करून वाण दिले, हे या झिजलेल्या डोंगरांनी दिलेले एक अनपेक्षित उत्पन्न होय.

गायरानांचा ऱ्हास केवळ चराईमुळे झाला नाही. त्यांच्या वहितीचा इतिहास सामाजिक न्यायाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे आणि पर्यावरणाच्या लेखनात तो वगळला तर चित्र खोटे पडते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. परंतु कुळाच्या नोंदीतही ज्यांचे नाव नव्हते त्या दलित कुटुंबांना या सुधारणांचा लाभ क्वचितच पोहोचला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५३ मध्ये मराठवाड्यात आणि १९६४ मध्ये देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले आणि पडीक व गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावे कराव्यात ही मागणी त्यांतून पुढे आली. अनेक गावांत भूमिहीनांनी माळावरचे दगड वेचून, झुडपे काढून जमीन वहितीखाली आणली. १९९० नंतर तेलगावच्या परिसरातून काम करणारे एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून या कुटुंबांची बाजू संघटितपणे मांडली, आणि १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. गायरानाच्या बाजूने बोलणाऱ्या गावकऱ्यांपैकी अनेकांना गुरांपेक्षा जुनी उतरंड अधिक प्यारी होती आणि वहितीदार कुटुंबांवर हल्लेही झाले. माळाचा चारा गेला हे खरे. पण शतकानुशतके जमिनीपासून दूर ठेवलेल्या माणसाला तोच बरड माळ मिळणार असेल, तर चाऱ्याच्या हानीचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. शिवाय गायरानांवर त्याच काळात शाळा, वसाहती, तलाव, वीज उपकेंद्रे आणि बड्या शेतकऱ्यांची अतिक्रमणेही उभी राहत होती. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायराने अन्य कामी देण्यावर निर्बंध घातले, तोवर अनेक गावांत गायरान फक्त सातबाऱ्यावर शिल्लक होते.

याच्या जोडीनेच शेताच्या आतही बदल सुरू झाला. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या भारतातील ज्वारीच्या पहिल्या व्यापारी संकरित वाणाने आणि त्यामागोमाग आलेल्या वाणांनी खरीप ज्वारीचे धान्योत्पादन वाढवले. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत हे यश लहान नव्हते. परंतु या वाणांची उंची कमी आणि कडबा तोकडा होता, आणि कापणीच्या सुमारास पाऊस आला की बुरशीने दाणा काळा पडे, त्यामुळे बाजारात भाव मिळत नसे. वाणाची परीक्षा क्विंटलमधील धान्यावर होत असल्याने चाऱ्यातील घट हा तोटा हिशेबात आलाच नाही. ज्या पिकाने माणूस आणि बैल दोघांना पोसले होते त्याची किंमत आता फक्त माणसाच्या बाजूने मोजली जाऊ लागली, आणि पुढच्या सगळ्या पीकबदलांत हीच मोजणी कायम राहिली.

१९७२ चा दुष्काळ या स्थित्यंतराच्या मध्यावर आला. धान्य नव्हते, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर लोक जगले, आणि खडी फोडण्याच्या कामांवर लाखो माणसे राबली. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला व्यापक रूप आले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेने बीड जिल्ह्यात पाझर तलाव, नाला बांध आणि शेतबांध यांचे जाळे उभारले. पाझर तलाव म्हणजे पाणी साठवून कालव्याने देण्याऐवजी ते तळातून झिरपवून खालच्या विहिरींना पुरवणारा तलाव. बहात्तरला अन्न नव्हते, पण खोल गेलेल्या विहिरींत पाणी होते, असे जुने लोक सांगतात, आणि या सांगण्याला भूगर्भाचा आधार आहे. दख्खनच्या बसाल्ट खडकात पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत साठते आणि बैलांच्या मोटेने ते उपसण्याला जनावरांच्या श्रमाचीच मर्यादा होती.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत वीजपंप आले तेव्हा ही मर्यादा उठली. बैलाचे एक मोठे काम संपले आणि त्याचबरोबर उपशाचा वेग खडकाच्या साठवणक्षमतेच्या पुढे गेला. नव्वदनंतर विंधन विहिरींची, म्हणजे बोअरची, स्पर्धा सुरू झाली. वरचा थर कोरडा पडला की खालच्या कठीण खडकात शेकडो फूट छिद्र पाडायचे, आणि तेथे मिळालेले थोडे पाणी काही हंगामांत संपवायचे, हा क्रम रूढ झाला. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी घातली, तरी बोअरच्या गाड्यांचा आवाज उन्हाळ्यात थांबला नाही. बीड शहराजवळची खजाना विहीर या पार्श्वभूमीवर आठवावी अशी आहे. १५८२ च्या सुमारास, निजामशाहीतील सलाबतखानाच्या जहागिरीत, राजा भास्कर या स्थापत्यकाराने बांधलेल्या या विहिरीचे पाणी भूमिगत बोगद्यांतून उताराने बलगुजार भागातील शेतीपर्यंत नेले होते, आणि पाणी आपल्या उताराने येईल तेवढेच मिळत असल्याने झऱ्यापेक्षा अधिक उपसा तेथे संभवतच नव्हता.

पाण्याच्या या नव्या उपलब्धतेवर उसाने पाय रोवले. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये कार्यान्वित झाले, त्याचा उजवा कालवा गेवराईतून माजलगावकडे आला, सिंदफणेवर माजलगाव धरण उभे राहिले आणि केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरेवर धरण झाले. या प्रकल्पांची आखणी करताना ज्वारी, गहू, कापूस अशी आठमाही पिके गृहीत धरली होती. प्रत्यक्षात अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव, आष्टी, परळी या भागांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि कालव्याखालची व विहिरीखालची ओलिताची जमीन उसाकडे वळली. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर चारपाचशे मिलिमीटर पाण्यात तयार होते. उसाला बारा महिन्यांत सुमारे दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे या जिल्ह्यात वर्षभर पडणाऱ्या पावसाच्या तिप्पट. उसाला हमीभाव होता, कर्ज मिळत होते, खरेदीदार ठरलेला होता आणि गारपिटीत किंवा कमी पावसात तो इतर पिकांइतका कोलमडत नव्हता. शेतकऱ्याने त्याची निवड केली यात अविचार नव्हता. दोष होता तो पाण्याची किंमत पिकाच्या किमतीत न धरणाऱ्या धोरणाचा. भारी काळ्या जमिनीत पाट सोडून दिलेल्या पाण्याने निचऱ्याअभावी काही ठिकाणी जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या, हा दुसरा परिणाम. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या निवडीची व्याप्ती देशाला दिसली. २०१९ मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी या विभागात उसाच्या लागवडीवर बंदी घालण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही.

उसाचा बीडशी असलेला संबंध मात्र केवळ जिल्ह्यातील लागवडीपुरता नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज, वडवणी येथील कोरडवाहू कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि बैलगाडीने वाहतूक करणाऱ्या कोयत्याबरोबर बैलही जातात. या स्थलांतराची एक बाजू अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. गावी कडबा नसताना बैल जगवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर उसाच्या फडात होते, कारण तोडलेल्या उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, ज्याला वाढे म्हणतात, तो तोडणी कामगाराच्या वाट्याला येत असे. ज्या कुटुंबाच्या शेतात वैरण पिकत नव्हती त्यांची जनावरे सहा महिने दुसऱ्या खोऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या वाढ्यांवर जगली आणि त्यांचे शेणही तिकडेच राहिले. वाढ्यांतील ऑक्झलेट या घटकामुळे जनावराच्या शरीरातील चुना बांधला जातो आणि नुसत्या वाढ्यांवरचे जनावर अशक्त होते, हे पशुवैद्यकांनी वारंवार सांगितले. पण निवड करण्याची मुभा त्या कुटुंबांना नव्हती. आता ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेल्या गाड्यांनी बैलगाडीची जागा घेण्यास सुरुवात केल्यापासून वाढ्यांचा हा आधारही आटतो आहे.

कोरडवाहू जमिनीवरचा बदल उसाच्या मानाने कमी चर्चिला गेला, जरी त्याचे क्षेत्र कितीतरी मोठे आहे. गंगथडीत गावरान कापसाच्या जागी आधी नांदेड-४४ सारखे संकरित वाण आणि मार्च २००२ मधील मंजुरीनंतर बीटी कापूस आला. काही वर्षे बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, परंतु गुलाबी बोंडअळीने प्रतिकारक्षमता मिळवली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर कापसाची बोंडे आतून पोखरली गेली. अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या पट्ट्यात खरीप ज्वारी, मूग, उडीद यांची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे: एरवी पावसाळ्यात उघड्या राहणाऱ्या भारी जमिनीवर त्याने छत्र धरले आणि कापणीपूर्वी गळणाऱ्या त्याच्या पानांनी मातीला काहीतरी परत दिले. पण मळणीयंत्रातून निघणारे त्याचे भुसकट कडब्याची बरोबरी करू शकत नाही, आणि तणनाशकांच्या वापराने खुरपणीबरोबर खुरपणीचे गवतही गेले. शेणखत कमी पडले, रासायनिक खते वाढली, सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या वनस्पती व शेणातून मातीत साठणारा अंश, घटला. आणि कर्ब घटलेली माती पावसाचे पाणी कमी धरते, म्हणून पावसाचा थोडासा खंडही पूर्वीपेक्षा अधिक जाचक ठरू लागला. एका पिकाच्या सलग पट्ट्यांमुळे किडींनाही मोकळे रान मिळाले. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार, कोठे तिबार पेरणीची पाळी आली.

पशुधनाची रचना या काळात वेगळ्या कारणांनी पण त्याच दिशेने बदलत होती. ट्रॅक्टरने नांगरट घेतली, तशी बैलजोडी वर्षभर पोसणे लहान शेतकऱ्याला परवडेना. आष्टी आणि पाटोदा भागात दूध हा नगदी व्यवसाय झाला, आणि त्यासाठी होल्स्टीन व जर्सी रक्ताच्या संकरित गाई आल्या. देशपातळीवर २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान देशी गोवंश सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि विदेशी व संकरित गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. आष्टीचे गोठे त्याच प्रवाहातले. संकरित गाईला रोज हिरवा चारा, पेंड, सावली आणि भरपूर पाणी लागते. त्यामुळे विहिरीचे पाणी आता घास, मका आणि संकरित नेपियर गवताकडेही वळले, आणि मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा, नवी सोय म्हणून पसरला. दुधाने अनेक घरांना ऊसतोडीपासून सोडवले, ही या बदलाची जमेची बाजू आहे. पण माळावर चरून तगणारे जनावर जाऊन त्याच्या जागी दुष्काळात सर्वांत आधी खचणारे जनावर आले. जिच्यासाठी कोणी चारा राखत नाही ती शेळी मात्र बाभळीच्या शेंगांवर आणि बांधाच्या पाल्यावर भूमिहीन स्त्रियांच्या हाती टिकून राहिली.

मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी लागू झाली. या कायद्याची धार्मिक आणि राजकीय चर्चा पुष्कळ झाली. चाऱ्याच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळे आहे. नेकनूरसारख्या जनावरांच्या बाजारात म्हातारा बैल विकून त्यात भर घालून तरणा बैल घेण्याची जी रीत होती, ती जुन्या बैलाची किंमत पडल्याने खिळखिळी झाली, आणि संकरित गाईच्या बिनवशिंडाच्या गोऱ्ह्याला तर औताच्या कामीही मागणी नव्हती. २०१५-१६ चा दुष्काळ नेमका याच वेळी आला आणि ज्या जनावरांसाठी चारा नव्हता त्यांच्यासाठी बाजारही उरला नव्हता.

चारा छावणी ही त्यामुळे एकविसाव्या शतकातील बीडच्या ग्रामजीवनाची ओळख बनली. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या तिन्ही टंचाईंत जिल्ह्यात शासकीय अनुदानावर छावण्या उघडल्या, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक छावण्या असलेल्या जिल्ह्यांत बीडची गणना होती. त्या वर्षी मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० आणि नंतर १०० रुपये, लहान जनावरामागे ४५ आणि नंतर ५० रुपये असे दर होते, आणि मोठ्या जनावराला ठरलेल्या १५ किलो हिरव्या चाऱ्याचे प्रमाण पुढे १८ किलो झाले. कुटुंबे जनावरांसह महिनोन्‌महिने छावणीतच राहत. घरातील एक माणूस दावणीशी, दुसरा गावी, मुले अधूनमधून दोन्हीकडे. त्या दावणीत टाकला जाणारा हिरवा चारा बहुतांशी ऊस होता. ज्या पिकाने जिल्ह्यातील आणि शेजारच्या ओलिताच्या जमिनीवरून ज्वारीला हटवले तेच पीक शासनाच्या पैशाने विकत घेऊन, ट्रकने आणून, कोरडवाहू गावच्या बैलांपुढे टाकावे लागत होते. त्यातील प्रथिने अपुरी असत, आणि साचलेले शेण छावणीच्या जागेवर पडून राही किंवा विकले जाई, मूळ शेताकडे परतत नसे.

याच वर्षांत पाण्याच्या बाजूने मोठे प्रयत्न झाले. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले, नाले रुंद व खोल केले गेले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता आणि तेथील गावांनी श्रमदानाने समतल चर खोदले. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. समतल चरांवर गवताचे बी पेरून दोनतीन पावसाळे चराई थांबवली, तर उघड्या मुरमावरही मारवेल परत येतो, असा पाणलोट कामांचा अनुभव आहे, आणि जेथे चराईबंदी पाळली गेली तेथे कापून नेण्याजोगे गवत उभे राहिले. चराईबंदी टिकवणे हे चर खोदण्यापेक्षा कठीण काम आहे, कारण त्या काळात शेळीवाल्या कुटुंबाने जनावर कोठे न्यायचे हे गावाला ठरवावे लागते, आणि श्रमदानाच्या उत्साहात हा प्रश्न बहुधा मागे पडला.

कडब्याला आज चांगला भाव आहे. मजूर मिळत नसल्याने आणि हाताने उपटून काढण्याच्या कष्टामुळे रब्बी ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. पण ज्यांनी ती ठेवली त्यांच्यापैकी अनेकांना टंचाईच्या वर्षी धान्याइतकेच उत्पन्न कडब्यातून मिळते आणि व्यापारी पेंढ्या शेतातूनच उचलतात. २०२३ मध्ये पाऊस पुन्हा अपुरा पडला, ३१ ऑक्टोबर रोजी राज्याने दुष्काळग्रस्त जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई यांचा समावेश झाला, आणि टंचाईच्या नियमाप्रमाणे प्रशासनाने प्रथम जी माहिती मागवली ती प्रत्येक तालुक्यात चारा किती आठवडे पुरेल याची होती. ही मोजणी टंचाई जाहीर झाल्यावर सुरू होते आणि पाऊस पडल्यावर थांबते. पेरणीच्या वेळी, जेव्हा शेतकरी सोयाबीनची बॅग उचलायची की ज्वारीचे बी राखायचे हे ठरवीत असतो, तेव्हा ती कोणी करीत नाही.